नाशकात गुप्त जादूशाळा असेल, तर ती गुप्त का असेल?

प्रश्न : तांबटगल्ली

सर्वांना नमस्कार. तेरा ते सतरा या वयातील वाचकांसाठी मी गेली दोन वर्षे एक अद्भुतकादंबरी लिहीत असून तिची ११ प्रकरणे पूर्ण झाली आहेत. कथा नाशकातली आहे. वेणू नावाची नववीतली मुलगी जुन्या नाशकात भांड्यांच्या दुकानावरच्या माडीत राहते. वाड्याच्या बळदात, म्हणजे धान्य साठवण्याच्या अंधाऱ्या जागेत, तिला एक दार सापडते, दारामागे भुयार असते आणि भुयार संपते तेथे जादू शिकवणारी एक गुप्त शाळा भरत असते. शाळेला बुरूज आहेत, लांबच लांब भोजनगृह आहे, मुलांचे चार गट आहेत आणि त्या गटांमध्ये वर्षभर गुणांची चढाओढ चालते. हे सर्व लिहिताना माझा हात कोठेही अडला नाही, आणि आता वाटते की तेथेच मला शंका यायला हवी होती.

मागच्या महिन्यात हे हस्तलिखित मी माझ्या चौदा वर्षांच्या भाचीला वाचायला दिले. तिसऱ्या दिवशी तिने ते परत आणून दिले आणि दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की मावशी, ही शाळा नाशकातच का आहे, उचलून महाबळेश्वरला ठेवली तर काय बिघडेल? दुसरा असा, की ती लपून का भरते? मी सांगितले, की सामान्य माणसांना जादूचा सुगावा लागू नये म्हणून. त्यावर ती म्हणाली, "पण सामान्य माणसांना त्याचे काय वाटणार आहे? आजी तर दर शनिवारी आपली दृष्ट काढते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. यापूर्वी एका प्रकाशकांनी पहिली तीन प्रकरणे पाहून नाशिक थोडे कमी करावे आणि वातावरण परदेशी ठेवावे असे सुचवले होते. तो सल्ला मी विनासंकोच बाजूला सारला. भाचीचे प्रश्न मात्र बाजूला सारता येत नाहीत. मला जागा सुचवू नये अशी विनंती आहे, कारण गूढ जागा आपल्या नाशकात पैशाला पासरी आहेत. मला लपण्याचे कारण हवे आहे, आणि ते असे हवे की नाशकाबाहेर नेले तर ते तुटून जावे.

प्रतिसाद : दिंडोरीनाका

आपण नको इतका विचार करीत आहात असे माझे नम्र मत आहे. मुलांना लपलेली शाळा आवडते ती लपलेली असते म्हणूनच. त्याला आणखी कारण कशाला हवे? जागा सुचवू नका असे आपण म्हटले आहे, तरी सुचवतो. पांडवलेणी घ्या. डोंगर आहे, अंधार आहे, दोन हजार वर्षांचे वय आहे. काम झाले.

प्रतिसाद : लेणीवाट

पांडवलेण्यांचा सल्ला बहुतेक सर्वांना पहिल्यांदा सुचतो, आणि एवढ्याच कारणासाठी तो टाळावा असे मी म्हणेन. शिवाय ती लेणी अंधारी नाहीत. त्रिरश्मी डोंगरावरील ती २४ लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, सकाळी तेथे पायऱ्या चढून व्यायाम करणाऱ्यांची रीघ असते, आणि त्या गर्दीतून शाळेचा एक वर्ग नजर चुकवून आत जातो हे पहिल्याच पानावर कोणाला पटणार नाही.

तथापि लेण्यांना अगदी सोडूनही देऊ नये, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथील एका भिंतीवर कोरलेले आहे असे मला वाटते. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेणे कोरवून बौद्ध भिक्षूंच्या संघाला दिले आणि तेथे राहणाऱ्यांच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणांची (कार्षापण हे त्या काळचे नाणे) अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, व्याजाने लावली: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात एका जागी मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत अशी व्यवस्था आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवून रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला गेला.

आता पाटीवर हिशेब मांडून पाहा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा-बारा, म्हणजेही २४०. एक कार्षापण शिल्लक नाही आणि एकाची तूट नाही.

अद्भुतकथांमधील शाळा कोणाच्या पैशावर चालतात हे लेखक सहसा सांगत नाहीत, आणि मला तर वाचताना नेहमी तोच प्रश्न पडतो (पेशाने मी बँकेत होतो, तेव्हा या दोषाची क्षमा असावी). भिंती आणि भुयारे कोणीतरी कधीतरी शोधून काढतेच. परंतु जो खर्च कोणाच्या तरी वहीत दुसऱ्याच नावाखाली शतकानुशतके चालू राहतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. समजा येवल्यातील एखादे विणकर घराणे आजही दर वर्षी आषाढात वीस साधी वस्त्रे विणते, ती गोवर्धन गावात एका ठरलेल्या ओट्यावर नेऊन ठेवते, आणि ती कोणासाठी हे त्या घरात कोणालाच ठाऊक नाही. आजोबा ठेवत होते म्हणून वडील ठेवतात, एवढेच. कथा येथून सुरू झाली, तर ती महाबळेश्वरला हलवता येणार नाही.

दोन गोष्टी आणखी. एक, वर्षावास पावसाळ्याचे तीन महिने असतो, म्हणून आपली शाळाही बारमाही नसावी. आषाढी पौर्णिमेला सुरू होऊन आश्विनात संपणारी शाळा असेल, तर वेणूला तिची नेहमीची शाळा, चाचणी परीक्षा आणि घर सोडून कोठेही पळून जाता येणार नाही, आणि कथेला ताण आपोआप येईल. दुसरी अधिक महत्त्वाची. कृपया भिक्षूंना जादूगार करू नका, कारण बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, याविषयी नियमच आहे. चंदनाचे एक पात्र उंच बांबूवर टांगले असता पिंडोल भारद्वाज या भिक्षूंनी ऋद्धीच्या, म्हणजे अलौकिक शक्तीच्या, बळावर हवेत जाऊन ते काढून आणले, तेव्हा बुद्धांनी त्यांची कानउघाडणी केली आणि गृहस्थांपुढे अशा शक्तीचे प्रदर्शन करू नये असा नियम घालून दिला, अशी ती कथा आहे. शक्ती असली तरी ती दाखवण्यात उणेपणा आहे, हे लपण्याचे कारण मला भीतीपेक्षा अधिक भरीव वाटते.

प्रतिसाद : शब्दकोडे

लेणीवाट यांचा हिशेब वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन खरोखर ताळा करून पाहिला, आणि तो जुळला. मला मात्र आपल्या भाचीच्या दुसऱ्या वाक्याविषयी लिहायचे आहे, कारण त्यात भाषेचा एक पेच आहे आणि तो सुटल्याशिवाय शाळेला नावही देता येणार नाही.

आपण "जादू" हा एकच शब्द सगळीकडे वापरला आहे असे दिसते. हा फारसीतून आलेला शब्द मराठीत इतका मऊ झाला आहे की गायिकेच्या आवाजात जादू असते आणि आईच्या हाताला जादू असते. मात्र त्याच्या पाठीला "टोणा" लावला की तोच शब्द काळाठिक्कर पडतो. करणी, मूठ, भानामती, चेटूक हे शब्द आजही घरात आवाज खाली करून बोलले जातात. गारुड, नजरबंदी, हातचलाखी हे जत्रेतले शब्द आहेत. मंत्र, अनुष्ठान, सिद्धी हे देवघरातले. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, त्या कृतीला "जादू" म्हणून पाहा, ती आपल्यावर रागावेल. म्हणजे अद्भुत गोष्ट आपल्याकडे लपलेली नाही, तिला लागलेली नावे मात्र एकमेकांपासून लपून राहतात. आपल्या शाळेत यांपैकी नेमके काय शिकवले जाते, हे आधी ठरवावे लागेल.

याच्याशी जोडलेली एक गंभीर गोष्ट आहे. युरोपात चेटकीण ठरवून बायकांना मारण्याचे दिवस संपून दोन-अडीचशे वर्षे उलटली, म्हणून तिकडच्या गोष्टीतली जादूगार मुलगी टोकदार टोपी घालून हसत शाळेत जाऊ शकते. आपल्याकडे "डाकीण" ठरवून एखाद्या बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षअखेर विधिमंडळाने कायदा केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. प्राचीन व पारंपरिक विद्या आणि कला शिकवण्याला मात्र त्यात मोकळीक आहे, त्यामुळे आपली शाळा पोलिसांना भिऊन लपते असे लिहू नये. ते कारण कायद्यापुढेही टिकणार नाही आणि वाचकापुढेही टिकणार नाही.

माझी सूचना अशी आहे, की वेणूच्या शेजारच्या जागेवर सुरगाण्याकडची एक मुलगी बसवावी, जी एरवी आश्रमशाळेत शिकते आणि जिच्या आजीला गावाने एकदा डाकीण म्हटले होते. वेणूला लांबलचक भोजनगृह म्हणजे स्वप्न वाटेल. या मुलीला ते रोजचेच आहे: पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात, आणि आपले ताट-वाटी घेऊन रांगेत उभे राहणे. निवासी शाळेच्या गोष्टी लिहिताना आपण मराठी लेखक हे विसरतो, की आपल्या जिल्ह्यात हजारो मुले खरोखरच निवासी शाळेत राहतात. आणि "जादू" हा शब्द ऐकताच वेणूचे डोळे चमकतील, तेव्हा ही मुलगी दाराकडे पाहील.

प्रतिसाद : जादूचा कंदील

मी हौशी जादूगार आहे, वाढदिवस आणि स्नेहसंमेलने यांत प्रयोग करतो, त्यामुळे शब्दकोडे यांच्या यादीतल्या "हातचलाखी" या खालच्या पायरीवरच्या शब्दाची बाजू मांडणे मला भाग आहे.

नाशिकचा आणि जादूचा संबंध शोधायला पुराणात जाण्याची गरज नाही. धुंडिराज गोविंद फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ मध्ये नाशकातच वारले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी एका जर्मन जादूगाराकडून जादूचे धडे घेतले होते आणि ते स्वतः जादूचे प्रयोगही करीत. त्यासाठी त्यांनी घेतलेले नाव होते प्रोफेसर केळफा. फाळके हे नाव उलटे वाचा. आपल्या शाळेतील शिक्षकांना भारदस्त संस्कृत नावे देण्यापेक्षा ही युक्ती मला फार आवडते: दिवसा बाजारात ज्या नावाने माणूस ओळखला जातो, ते रात्री उलटे होते.

आता लपवण्याविषयी. हाताच्या पंजात नाणे लपवण्याची एक पद्धत आहे. नाणे तळव्याच्या मधोमध ठेवायचे आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग व करंगळीकडची कड यांच्यामध्ये ते किंचित दाबून धरायचे, बोटे मात्र सैल राहिली पाहिजेत. ऐकायला हे पाच मिनिटांचे काम वाटते. मला माझ्या गुरूंनी सांगितले, की तीन महिने हे नाणे हातातून काढू नकोस. मी दहा रुपयांचे नाणे तळव्यात धरून भाजी घेतली, रिक्षाचे पैसे दिले, चहाचा कप धरला. पहिले पंधरा दिवस हात खेकड्यासारखा दिसत होता. एके दिवशी मी त्याच हाताने एका परिचितांशी हस्तांदोलन केले आणि नाणे खणकन फरशीवर पडले. ते म्हणाले, "तुमचे पैसे पडले." त्यांना काहीच कळले नव्हते. त्या दिवशी मला समजले, की लोक पाहत नसतात. लपवणाऱ्याचा हात अवघडतो म्हणून ते पाहू लागतात. आपली शाळा भुयाराच्या टोकाला कशासाठी? ती भर भांडीबाजारात, तांब्याच्या हंड्यांवरच्या ठोक्यांच्या आवाजात भरू शकते, फक्त तिचा हात सैल हवा.

एक गोष्ट मात्र अवश्य घ्यावी. १६८२ पासून मोगलांनी दिंडोरीच्या वाटेवरील रामशेज किल्ल्याला वेढा घातला आणि तो वर्षानुवर्षे हटेना. मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवले आहे, की किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाचे ओंडके पोखरून तोफा केल्या होत्या. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश शेवटी एका मांत्रिकाच्या नादी लागला. त्या मांत्रिकाने सोन्याचा नाग करवून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला, आणि किल्ल्यावरून आलेला धोंडा छातीवर बसताच नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे पडला. आपल्या शाळेतील पहिला धडा हाच असावा असे मला वाटते: कोणती विद्या कोठे चालत नाही. ज्या कथेत जादू सगळीकडे चालते, ती कथा तिसऱ्या प्रकरणानंतर मला चालत नाही.

प्रतिसाद : घनपाठ

लहानपणी मी त्र्यंबकेश्वरी एका वेदपाठशाळेत चार वर्षे होतो. पुढे मन रमले नाही म्हणून बाहेर पडलो आणि आता हिशेबनिसाचे काम करतो. विद्या प्रत्यक्ष कशी दिली जाते याविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण मंत्र एकदा उच्चारला की काम होते असे बहुतेक अद्भुतकथांमध्ये दाखवलेले असते, आणि ते मला फार सोपे वाटते.

आमच्याकडे संथा असे. गुरुजी एकदा म्हणायचे, आम्ही दोनदा म्हणायचे. स्वर खाली गेला की गुरुजी डोक्यावर हात ठेवून मान खाली दाबत, वर गेला की वर करीत. काही दिवसांनी हात नसला तरी मान आपोआप हलू लागे. अर्थ कोणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. पुढे जटा आणि घन हे पाठाचे प्रकार येत. पवित्र शब्द न घेता साध्या मराठीत उदाहरण देतो. समजा मंत्र आहे "दार उघड आता". जटेत तो पुढे, मागे, पुन्हा पुढे असा जातो: दार उघड, उघड दार, दार उघड, मग उघड आता, आता उघड, उघड आता. घनात तोच असा होतो: दार उघड, उघड दार, दार उघड आता, आता उघड दार, दार उघड आता. एक शब्द चुकला की पहिल्यापासून.

ही रचना खरे तर पाठात एक अक्षरही इकडचे तिकडे होऊ नये म्हणून आहे, परंतु कथाकाराला तिच्यात बरेच सापडेल. घनाच्या मध्यावर मंत्र उलटा जातो. तेथे एखाद्या मुलाचा श्वास संपला, तर दार अर्धेच उघडून अडकेल काय? आमच्या वर्गात एक मुलगा नेमका त्याच जागी शिंकत असे. तो आज कोठे आहे मला माहीत नाही, पण आपल्या कादंबरीत त्याला जागा मिळावी.

प्रतिसाद : वाघाडी

घनपाठ यांचे वर्णन वाचताना मी स्वतःशीच मान हलवून पाहिली आणि आनंद झाला. त्याच वेळी हेही लिहायला हवे, की त्या पाठशाळेच्या ओसरीवर माझ्या पणजोबांना कोणी बसू दिले नसते.

तांबटगल्ली ताई, आपण विचारता की शाळा गुप्त का असेल. नाशकात या प्रश्नाला एक उत्तर फार पूर्वीपासून तयार आहे, आणि ते सुखाचे नाही. येथे ज्ञान क्वचितच गुप्त होते. ते वर्ज्य होते. सर्वांना ठाऊक असे की ते कोठे आहे, कोणत्या गल्लीत, कोणत्या दारामागे. फक्त त्या दारातून कोणी जायचे नाही हे ठरलेले असे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले. माझे पणजोबा त्या गर्दीत होते. आमच्या घरात त्या दिवसाची जी आठवण सांगितली जाते, तीत भाषणे नाहीत. दार आतून लावल्याचा आवाज आहे. ज्या गावात बंद दाराचा असा इतिहास आहे, त्या गावात वेणूला बळदात एक दार सापडते आणि ते तिच्यासाठी सहज उघडते, हे मला वाचक म्हणून खुपते. ते दार कोणाकोणासाठी उघडले नाही, हे कादंबरीत कोठेतरी आले पाहिजे.

आणि याच मातीत दुसरी गोष्टही आहे. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, कुटुंबाची पांगापांग झाली, लहानगा निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला आणि तेथे त्याला गहिनीनाथ भेटले, अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. नाथांची विद्या कानात सांगण्याची. गुहेत कानात सांगितलेले ते धन निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला दिले, आणि त्या भावाने शके १२१२ मध्ये ते मराठीत, जो ऐकेल त्याच्यासाठी, उघड मांडले. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. दर पौषात दिंड्या येतात. माझ्या दृष्टीने आपल्या कादंबरीचा कणा येथे आहे. शाळा का लपली याला जितके महत्त्व आहे, तितकेच ती कोणी आणि कोणत्या भाषेत उघडली यालाही आहे. बुरूज आणि चार गट काढून टाकलेत तरी चालेल. हे मात्र ठेवावे.

प्रतिसाद : दिंडोरीनाका

माझे "काम झाले" हे शब्द मी मागे घेतो.

प्रतिसाद : तांबटगल्ली

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठ दिवसांत मी अकरापैकी सात प्रकरणे बाजूला काढली आणि त्याचे वाईट वाटले नाही, याचेच आश्चर्य वाटते.

भुयार गेले. बुरूज, भोजनगृह आणि गुणांची चढाओढही गेली. शाळा आता भांडीबाजारात ठोक्यांच्या आवाजात भरते आणि तीही आषाढी पौर्णिमेपासून तीनच महिने. तिचा दिवस कसा संपतो हे गोदावरी ठरवते: पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की पाठ थांबवायचा, कमरेला लागले की वस्त्रे गुंडाळायची, आणि छातीला लागले की ज्याने त्याने आपल्या घरी जायचे, मग कोणाचा घन कितीही अर्धवट राहो. (शिंकणाऱ्या मुलाला जागा मिळाली आहे. दार अर्धे उघडे राहते ते त्याच्यामुळेच.) सुरगाण्याची मुलगी वेणूच्या शेजारी बसते आणि तिची किल्ली गळ्यात आहे. शाळेचा एकच नियम ठेवला आहे, की जे येते ते दाखवायचे नाही. तो नियम कोणी कोणासाठी केला होता आणि पुढे कोणी त्याचा आडोसा करून कोणाला बाहेर ठेवले, हे वेणूला शेवटच्या तीन प्रकरणांत कळते. वाघाडी यांनी ऐकवलेला दाराचा आवाज मी अजून लिहू शकलेली नाही. तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला.

"जादू" हा शब्द पूर्ण पुस्तकात फक्त बाहेरची माणसे वापरतात. आतली मुले त्याला "काम" म्हणतात, जसे आमच्या गल्लीत ठोक्याच्या कामाला नुसते काम म्हणतात.

नवे पहिले प्रकरण, म्हणजे येवल्याच्या घरातील वीस वस्त्रांचे, काल भाचीला वाचून दाखवले. महाबळेश्वरचे नाव तिने काढले नाही. बराच वेळ गप्प राहून तिने बोटांवर काही मोजले आणि विचारले, "मावशी, व्याज बरोबर वीस जणांपुरतेच येत असेल आणि जागा आधीच भरलेल्या असतील, तर वेणू एकविसावी नाही का? तिच्या वस्त्राचे पैसे कोठून आणणार?" लेणीवाट, हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवत आहे.

प्रतिसाद : लेणीवाट

आपल्या भाचीला बँकेत घ्यायला हवे. दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण आहेत, हे आपण विसरलो होतो. शेकडा पाऊण दराने त्यांचे महिन्याला साडेसात, म्हणजे वर्षाला ९० येतात. लेखात ही रक्कम वस्त्रांखेरीज दुसऱ्या खर्चासाठी वेगळी राखलेली आहे. तीतून वेणूचे १२ काढले तर ७८ उरतात, म्हणजे पैसा आहे. मात्र वाटप निगमसभेत ठरून फलकावर नोंदवलेले आहे, त्यामुळे ते बदलायचे तर ती सभा पुन्हा भरवावी लागेल आणि वेणूचे नाव सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे लागेल. आणि एकदा फलकाला हात घातलाच, तर सुरगाण्याच्या मुलीचे नाव विसाव्या जागेवर आधीपासून आहे की तिलाही बाविसावी म्हणून घालायचे आहे, एवढे मला कळवावे, म्हणजे पुढचा हिशेब मांडता येईल.